दोन किरणांची साक्ष

विहिरीतील पाणी मोजावयाचे असेल, तर दोर सोडून त्याची खोली पाहता येते. पण जो वायू पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर विरळपणे पसरलेला आहे, तो जमिनीवर उभे राहून कसा मोजावा?

हा वायू म्हणजे ओझोन. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतील घातक किरणांपैकी बरेचसे हा वायू शोषून घेतो. दाराला जाड पडदा लावला, तर आत उजेड कमी येतो. त्याचप्रमाणे ओझोन जितका अधिक, तितके हे किरण खाली कमी पोहोचतात. मग खाली पोहोचलेले किरण मोजले की झाले!

पण यात एक अडचण आहे. उजेड कमी आला, तो पडद्यामुळे की धुळीमुळे, हे कसे ओळखावे? ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांनी एकाऐवजी दोन किरण निवडले. एकाला ओझोन अधाशासारखा गिळतो, दुसऱ्याला फारसा शिवत नाही. धूळ व धुके मात्र दोघांनाही जवळजवळ सारखेच मंद करतात. म्हणून दोघांच्या तेजाचे गुणोत्तर काढले की धुळीचा परिणाम बहुतांशी निघून जातो आणि ओझोनचा हिशेब हाती उरतो. साधी काच अतिनील किरण अडवते, म्हणून या यंत्रातील लोलक क्वार्ट्‌झ नावाच्या स्फटिकाचे असतात. अशी यंत्रे १९३० पूर्वीच आपल्या कोडाईकनालसह जगात अनेक ठिकाणी पोहोचली होती.

हिशेबाचे उत्तर मोठे नवलाचे आले. आकाशातील सारा ओझोन समुद्रसपाटीवरील दाबाखाली व शून्य अंश तापमानात आणला, तर त्याचा थर सुमारे तीन मिलिमीटर, म्हणजे दोन नाण्यांच्या जाडीएवढा भरेल! मिलिमीटरच्या शंभराव्या भागास ‘डॉब्सन एकक’ म्हणतात. म्हणजे हा थर ३०० एककांचा झाला.

अंटार्क्टिकावरील हॅली या ब्रिटिश केंद्रावर १९५७ पासून ही मापने चालू होती. पुढे ऑक्टोबर महिन्यातील आकडे सुमारे ३०० वरून २०० च्याही खाली उतरले. यंत्रच तर बिघडले नसेल? दुसरे यंत्र नेऊन पडताळा घेतला, तरी घट तशीच दिसली. १९८५ साली फारमन, गार्डिनर व शँक्लिन यांनी ती जगापुढे मांडली. शीतकपाटांत व फवाऱ्यांच्या डब्यांत वापरले जाणारे काही वायू त्यास कारण ठरले. १९८७ साली माँट्रियल येथे अनेक राष्ट्रांनी त्या वायूंचे उत्पादन कमी करण्याचा करार केला.