पूल होईल, पण तरीचे काय?

साखरखेर्ड्याच्या शिवारात पडलेल्या पावसाला समुद्र गाठायचा तर पूर्वेकडे शेकडो कोसांचा प्रवास करावा लागतो. तेथले ओढेनाले अखेर गोदावरीच्या कुटुंबातले. त्यांचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीच्या पश्चिमेस सगळाच हिशेब वेगळा. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री शंभर किलोमीटरच्या आसपास वाहते न वाहते तोच अरबी समुद्राला भिडते, आणि भिडताना एवढी रुंदावते की ती नदी उरत नाही, खाडी होते. अशा खाड्यांनी कोकणचा किनारा जागोजागी चिरलेला आहे. समुद्राच्या कडेने पायी जाऊ म्हणणाऱ्यास म्हणूनच स्वतःच्या पायांइतकाच होडीवर भरवसा ठेवावा लागतो.

दिवाळीच्या सुटीत साखरखेर्ड्याचा एखादा शिक्षक हरिहरेश्वराहून केळशीकडे चालत निघाला, अशी कल्पना करावी. घाटावरच्या माणसाला येथे पहिला धडा मिळतो तो पंचांगाचा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे निघते, हे कोकणातले जुने गणित आहे. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. ओहोटीच्या वेळी पुळणीवरची ओली वाळू सडकेसारखी घट्ट असते. भरतीत कोरड्या वाळूतून पाय ओढत जावे लागते आणि तेवढ्याच अंतराला दुप्पट दम लागतो. ज्याने तिथी पाहिली नाही त्याला दुपारी कातळावर चढून वळसा घेण्यावाचून गत्यंतर नसते.

हरिहरेश्वराहून बागमांडल्यास पोहोचले की समोर सावित्रीची खाडी आणि पलीकडे वेसवी. येथे मोटारी, मालट्रक आणि माणसे एकदमच वाहून नेणारी फेरीबोट चालते. कोकणात तिला ‘जंगलजेट्टी’ म्हणतात. हा शब्द कोठून आला कोण जाणे, पण तो रुळला आहे. अशा वाहनवाहू बोटींचा प्रयोग दाभोळ-धोपावे येथे २००३ साली सुरू झाला आणि पुढे इतर खाड्यांवर पसरला. पलीकडे बाणकोट. आंग्रे-पेशवे संघर्षाच्या धामधुमीत १७५६ च्या तहाने हे ठाणे इंग्रजांच्या हाती गेले आणि किल्ल्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव पडले. खाडीचे तोंड ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात आतला व्यापार, हे त्यांनी नेमके ओळखले होते. महाडपर्यंतचा माल त्या काळी याच पाण्यावरून ये-जा करीत असे. खाडी हा अडथळा नव्हता. ती सडक होती. तिला अडथळा ठरवले ते चाकाने.

बाणकोटनंतर वेळास लागते. नाना फडणविसांचे हे मूळ गाव अलीकडे कासवांच्या संरक्षणासाठी अधिक ओळखले जाते. २००२ पासून येथे त्यांची अंडी जपली जातात. पुढे साखरीजवळ भारजा नदीची खाडी आडवी येते. केळशी समोर दिसत असते, पण मोटारीला आत वळून मांदिवलीचा पूल गाठावा लागतो. पायी जाणाऱ्याला होडी मिळाली तर काही मिनिटांचे काम. न मिळाली तर उरलेली संध्याकाळ त्या वळशात जाते.

प्रश्न नेमका येथे उभा राहतो. बॅ. अंतुले यांच्या काळापासून चर्चेत असलेल्या रेवस-रेडी सागरी महामार्गात मोठ्या खाड्यांवर पूल योजलेले आहेत. ते व्हावेत की नाही, हा वाद व्यर्थ आहे. रात्री अडलेल्या बाळंतिणीला तर बंद झाल्यावर कोणते काव्य सुचणार? जलप्रवासाचे गोडवे गाणाऱ्यांनी १७ जुलै १९४७ चा दिवस आठवावा. त्या दिवशी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली.

परंतु पुलाचा लाभ मोजताना आपण काय मोजतो? किती वाहनांचे किती तास वाचले, किती इंधन वाचले. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पलीकडच्या बाजाराला जाणाऱ्या बाईचे तास या तक्त्यात बसत नाहीत, कारण तिच्या तासाला बाजारात भाव नाही. पूल सोयीच्या जागी, म्हणजे पुष्कळदा गावापासून आत बांधला जातो. मग उतारू कमी झाले म्हणून तर परवडेनाशी होते, ती बंद पडते आणि दहा मिनिटांच्या पैलतीरासाठी रिक्षाचे भाडे मोजावे लागते. पुलाच्या नफ्यात ही तूट कोणी वजा केल्याचे सहसा दिसत नाही. वास्तविक मुंबई इलाख्याचा तरींविषयीचा कायदा १८६८ सालचा आहे. परक्या सरकारलाही तर ही सार्वजनिक वाट आहे आणि तिचे दर नेमून द्यावे लागतात एवढे कळत होते.

शिवाय पूलही अमर नसतो. याच सावित्रीवरचा महाडजवळचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह माणसे गेली. नवा पूल पुढल्या वर्षी जूनमध्ये उभा राहिला, ही गोष्ट शासनाच्या श्रेयाची. २०२२ च्या सुमारास आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला, तेव्हा लोकांना पार नेण्यासाठी फेरीबोटच आणावी लागली. बागमांडल्याच्या खाडीत तर पुलाचे काम अर्धवट थांबले आणि नुसते खांब वर्षानुवर्षे उभे राहिले. त्यांच्या शेजारून बोट मात्र रोज जात राहिली.

तेव्हा पुलाच्या निविदेबरोबरच तरीचाही हिशेब मांडला जावा. जेथे पूल वस्तीपासून दूर जातो तेथे होडीला पाचदहा वर्षे अनुदान द्यावे; एका पुलाच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ ठरेल. पुलावर पायी जाणाऱ्यांसाठी कठड्याच्या आत वेगळी, रुंद वाट असावी. ती नकाशात दाखवून पैसे अपुरे पडताच सर्वांत आधी कापू नये. आणि साखरीसारख्या ठिकाणी धक्क्याच्या चार पायऱ्या व दिवसातल्या ठरलेल्या फेऱ्यांचा एक फलक, एवढे तरी ताबडतोब व्हावे. दिवेलागणीला काठावर पोहोचलेल्या माणसाला शेवटची होडी गेली की यायची आहे, हे निदान वाचता येईल.