पाणबुड्याची मापन-उपकरणे व त्यांची जागा

पाणबुड्याची मापन-उपकरणे : पाठीवरील नळकांड्यातील संपीडित हवेवर श्वसन करून पाण्याखाली वावरणाऱ्या (स्कूबा) पाणबुड्यास शिल्लक हवा, खोली, काल व दिशा यांचे ज्ञान करून देणारी साधने. ती शरीरावर कोठे धारण करावीत, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही; वाचनास विलंब झाल्यास प्राणावर बेतू शकते.

इतिहास : झाक ईव्ह कूस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये मागणीनुसार हवा पुरविणारा नियंत्रक सिद्ध केला. तेव्हापासून पाणबुड्या पृष्ठभागावरील नळीच्या बंधनातून मुक्त झाला. परंतु हवा व काल यांचा हिशेब त्याचा त्यालाच ठेवावा लागू लागला. १९५३ च्या सुमारास पाणबुड्यांची खास मनगटी घड्याळे आली. १९८३ पासून खोली व काल यांवरून विसंपीडनाची मर्यादा सतत काढणारे संगणक बाजारात मिळू लागले.

जागेची निवड : हवेचा दाबमापक उच्च दाबाच्या नळीने नियंत्रकास जोडलेला असतो. ही नळी डाव्या काखेखालून पुढे आणून मापक छातीच्या अथवा कमरेच्या डाव्या कडीस अडकवितात. तो मोकळा लोंबकळत राहिल्यास जाळ्यात वा झुडपात गुंततो आणि तळाचा गाळ ढवळतो. १० मी. खोलीवर हवा पृष्ठभागाच्या दुप्पट, तर ३० मी. खोलीवर चौपट खर्च होते. म्हणून हा मापक एका हाताने चटकन उचलून पाहता आला पाहिजे.

खोलीमापक किंवा संगणक पुष्कळ पाणबुडे उजव्या मनगटावर बांधतात. वर येताना उत्प्लावन जाकिटातील हवा सोडण्यासाठी डावा हात उंच धरावा लागतो; त्या मनगटावरील मापक शरीराच्या खोलीपेक्षा थोडी कमी खोली दाखवितो. उजवा हात डोळ्यांसमोर ठेवून वर येण्याचा वेग मात्र सतत पाहता येतो. होकायंत्र डाव्या मनगटावर बांधतात. ते आडवे, शरीराच्या मध्यरेषेत धरावे लागते व पोलादी नळकांडे, सुरी इत्यादींपासून दूर ठेवावे लागते. अन्यथा चुंबकसूची विचलित होते. खोलीवर रबरी पोशाख दाबला जाऊन पट्टे सैल पडतात. म्हणून ताणले जाणारे पट्टे अधिक विश्वसनीय ठरतात.

सर्व मापके एकाच पेटीत बसवून नळीच्या टोकास जोडण्याचीही पद्धत आहे. नवशिक्यास ती सुलभ वाटते. परंतु पेटी जड असते आणि ती पाहण्यास एक हात गुंततो.

वऱ्हाडातील परिस्थिती : तारकर्ली व मालवण (जि. सिंधुदुर्ग) येथील समुद्रात पाणी निवळ असताना मनगटावरील अंक सहज वाचता येतात. अमरावती जिल्ह्यातील ऊर्ध्व वर्धा व अकोला जिल्ह्यातील काटेपूर्णा यांसारख्या जलाशयांत, तसेच पूर्णा नदीच्या डोहांत, पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाळामुळे हातभर अंतरावरचेही दिसत नाही. बुडालेल्याचा शोध घेताना मापक मुखवट्याच्या काचेस टेकवून, स्वयंप्रकाशी तबकडीच्या वा दिव्याच्या साहाय्याने वाचावा लागतो. हातांनी तळ चाचपडत असल्याने मनगटी साधने चिखलाने माखतात व झुडपांत अडकतात. तेथे ती मनगटाच्या आतील बाजूस वळवून बांधणे हितावह ठरते. काठावरील सहकाऱ्याने दोरी धरून वेळेची नोंद ठेवणे व दोरीच्या ठराविक हिसक्यांनी संकेत देणे, ही या परिस्थितीतील सर्वांत भरवशाची व्यवस्था होय.

समुद्राच्या पाण्यासाठी अंकित केलेला मापक गोड्या पाण्यात खोली सु. ३ टक्क्यांनी कमी दाखवितो. शिवाय अमरावती शहर समुद्रसपाटीपासून सु. ३४० मी. उंचीवर आहे. सामान्यतः ३०० मी. पेक्षा अधिक उंचीवरील जलाशयांत समुद्रासाठीची विसंपीडन कोष्टके दुरुस्ती केल्याशिवाय वापरीत नाहीत, कारण पृष्ठभागावरील हवेचा दाब तेथे कमी असतो.

साधनांची जागा कोणतीही निवडली, तरी ती प्रत्येक बुडीत तीच ठेवतात. अंधारात अथवा गोंधळाच्या क्षणी हात सवयीच्याच जागी जातो. त्यामुळे जोडीदारासही पाण्यात उतरण्यापूर्वी ती जागा दाखविण्याचा प्रघात आहे.