घरातल्या दिवसांची वही

१८९७ साली पुण्यात प्लेगने हाहाकार उडवला. त्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला, आणि त्याच कायद्याचा आधार घेऊन मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनाचे निर्बंध लागले. प्लेगचे सरकारी कागद दप्तरांत आहेत. सोल्जर घरांत शिरून तपासणी करीत, हे आपण शाळेत वाचले आहे. पण तपासणी झाल्यावर त्या घरात चूल पेटली का, पोरांना काय सांगून निजवले, हे फारसे कुणी लिहिले नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त प्लेगचे दिवस सांगितले खरे, पण ते पुष्कळ वर्षांनी, आठवणीतून.

ब्रिटनमध्ये १९३७ साली ‘मास ऑब्झर्वेशन’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्या वर्षी १२ मे रोजी राजाचा राज्याभिषेक होता. या मंडळींनी सामान्य माणसांना सांगितले, त्या दिवशी तुम्ही काय केले ते लिहून पाठवा. राजाबद्दल लिहा असे नव्हे. उठल्यापासून निजेपर्यंतचे लिहा. टाळेबंदीत, १२ मे २०२० रोजी, त्यांनी पुन्हा लोकांकडून एका दिवसाची रोजनिशी मागवली. आपल्याला मात्र त्यासाठी कुणाच्या निमंत्रणाची गरज नाही.

आमच्या नागपुरात त्या एप्रिलमध्ये मोमीनपुरा आणि सतरंजीपुरा ही नावे रोज बातम्यांत येत, रुग्णांच्या आकड्यासकट. आकडा खोटा नव्हता. पण बांबू आणि टिनाचे पत्रे लावून बंद केलेल्या गल्लीच्या आत माणसे राहत होती. २५ एप्रिलला रमजानचा पहिला रोजा झाला. तरावीहची, म्हणजे रात्रीची खास नमाज, मशिदीऐवजी घरोघरी होऊ लागली. आमच्या बैठकीत सोफा भिंतीला सरकवला, मुलगा पुढे उभा राहिला, मी त्याच्या मागे. बाप मागे आणि मुलगा पुढे, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडले. हे कुठल्या आकड्यात येणार?

त्या दिवसांची सर्वांत चांगली नोंद आमच्या घरात कवीने केलेली नाही. ती माझ्या पत्नीच्या किराणा-हिशेबाच्या वहीत आहे. ‘पाव मिळाला नाही.’ ‘शेजारच्या वहिनींची एक वाटी साखर देणे.’ ‘कूलरचा पंप बंद, दुकान बंद, ताट्यांवर हाताने पाणी.’ नागपूरचा मे ज्याने काढला आहे, त्याला या शेवटच्या ओळीचा अर्थ सांगावा लागत नाही. ती वही इतिहासासाठी लिहिलेली नव्हती, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो. कवींच्या वह्यांत विशेषणे फार असतात.

तर अशा वह्या जपा. तारीख, वार, भाव, कोण कुणावर रागावले, सारे राहू द्या. भांडणे खोडू नका. जो जसे बोलला तसे लिहा. आमच्या घरात नागपुरी वळणाची उर्दू-हिंदी बोलतात, मध्येच मराठी येते. ते शुद्ध करून लिहिले तर घरातली माणसे ओळखू येणार नाहीत. आवाज टिपायचा असेल तर आधी विचारा आणि मागचे आवाज बंद करू नका: शिटी, पंखा, पोरांचा गलका. तेव्हा शाळेत असलेली मुले आता कॉलेजात आहेत. त्यांना आत्ताच विचारून घ्या. पुढे ती तुमच्याच गोष्टी तुम्हाला परत सांगतील.

आणि फोनवर भरवसा ठेवू नका. फोन बिघडतो, हरवतो, बदलला जातो. नोंदीची एक प्रत दुसरीकडे असू द्या, एक कागदावर.

२५ मे २०२० च्या ईदला आमच्याकडे कुणी आले नाही, तरी अम्मीने शीरखुर्मा पंधरा माणसांच्या मापाने केला. ‘इतना कौन खाएगा?’ असे पत्नीने विचारले, त्यावर अम्मीचे उत्तर धाकट्या मुलीने फोनमध्ये सहज टिपले. एप्रिल २०२१ च्या लाटेत अम्मी गेली. दफनाला आम्ही मोजकी माणसे होतो. त्या चाळीस सेकंदांना फोनने स्वतःच एक लांबलचक क्रमांक दिला होता. मुलीने तो पुसून नाव दिले: ‘ईद, २५ मे २०२०, दादी, स्वयंपाकघर, मागे कूलर.’