पेटीला गावयास लावणारे गोविंदराव टेंबे

युरोपांत पियानोवादक एकटा बैठकीस बसतो व श्रोते तल्लीन होऊन ऐकतात. आपल्याकडे पट्ट्यांचें वाद्य म्हणजे पेटी, आणि पेटीवाल्याची जागा गवयाच्या बाजूस! ती पुढें आणणाऱ्यांत कै. गोविंदराव टेंबे अग्रगण्य होत.

कोल्हापूरजवळील सांगवडें येथें १८८१ सालीं त्यांचा जन्म झाला. पेटीचा गुरु त्यांस लाभला नाहीं. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्यावर त्यांची बोटें तयार झालीं. १९११ सालीं ‘मानापमाना’च्या पदांस त्यांनीं चाली दिल्या. १९१३ सालीं बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ बोलपटांत हरिश्चंद्राची भूमिका केली व संगीतहि दिलें.

पेटीचें वैगुण्य उघड आहे. पट्टी दाबली कीं ठराविक सूरच उमटावयाचा. मींड नाहीं, श्रुतींचा सूक्ष्म भेद नाहीं. याच कारणास्तव १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला मज्जाव केला. तो निर्बंध १९७१ सालीं सैल होऊं लागला. पण गोविंदराव १९५५ सालींच निवर्तले होते.

आक्षेप खोटा होता, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वाद्याची मर्यादा ती वादकाची मर्यादा नव्हे, हें गोविंदरावांनीं दाखविलें. म्हणून ज्यांच्या घरीं पेटी आहे त्यांस आमचें सांगणें एवढेंच: मुलांचीं बोटें पट्ट्यांवर ठेवण्यापूर्वीं त्यांच्या कानांवर चांगलें गाणें पडूं द्यावें.