रस्ता कोणाचा?

रस्ता सार्वजनिक असतो, असे आपण म्हणतो. पण 1924 साली त्रावणकोरमधील वायकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना नुसते चालता यावे, यासाठी सत्याग्रह करावा लागला. तिथे वाट जातीने अडवली होती. आज पायी चालणाऱ्याची वाट मोटार अडवते. दोन्ही अन्याय सारखे नाहीत. पण बाजूला ढकलला जाणारा माणूस बहुधा तोच आहे.

2020 साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी झाडे तोडली गेली आणि वर्धेकरांनी विरोध केला. गांधीकाळाची आठवण म्हणून झाडे राखावीत, असाही एक सूर होता. माझे कारण निराळे आहे. विदर्भाच्या उन्हात सावली मोटारीतल्याला लागत नाही. ती ओझे घेऊन चालणाऱ्या बाईला, सायकलवरच्या मजुराला लागते. शिवाय रस्ता रुंद झाला की वेग वाढतो आणि त्याची किंमत हेच लोक जिवाने मोजतात.

14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हा हक्क नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात उतरला पाहिजे. डांबराआधी पदपथ आणि सावली, ही मागणी आपल्या वस्त्यांतूनच उठली पाहिजे.