विष इथले, उतारा तिथला

साप चावला की खेडोपाडी 'पान लागलं' म्हणतात. जनावराचे नाव तोंडातून काढायचे नाही, हा त्यामागचा संकेत. पुणे जिल्ह्यातले जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके मात्र वर्तमानपत्रांत दिसतात ते बिबट्यामुळे. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र राज्यभर ठाऊक आहे, पायाखालच्या जनावराला तेवढी जागा मिळत नाही. कुकडी, मीना, घोड यांच्या खोऱ्यांत येडगाव, वडज, डिंभे अशी धरणे झाली, ऊस आला, भाजीपाला आला, धान्याबरोबर उंदीर आले आणि उंदरांमागे साप. उसाचे पाचट, कांद्याची बराख, गोठ्याकडेची सरपणाची रास या घोणस-नागाच्या हक्काच्या जागा. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात आवणीच्या दिवसांत भातखाचरांच्या बांधांवर धोका असतो. मण्यार तर रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दंश इतका हलका असतो की तो पुष्कळदा कळतही नाही. रात्रीच वीज मिळते म्हणून रात्री उसाला दारे धरणारा शेतकरी बिबट्याच्या भीतीने बॅटरी समोर रोखतो. घोणस खाली असते.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले, आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये आला. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी हे काम त्याच्या कितीतरी आधी हाती घेतले होते: उपचार, आणि त्याच्या जोडीला शाळांतून, गावांतून प्रबोधन. त्यांच्या कामामुळे हा प्रश्न दवाखान्याच्या पातळीवर बऱ्याच अंशी समजला आहे. प्रयोगशाळेच्या पातळीवर तो तितका समजलेला नाही. पुण्यातील सूक्ष्मजीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्राच्या विभागांनी जुन्नर-आंबेगावच्या सापांचे विष हा आपला संशोधनविषय मानला पाहिजे, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे सर्पदंशावरच्या औषधाच्या घडणीतच आहेत.

लोक ज्याला 'सापाची लस' म्हणतात ती लस नव्हेच. लस आपल्या शरीराला प्रतिपिंडे बनवायला शिकवते. सर्पदंशात शिकायला वेळ नसतो, म्हणून घोड्याने बनवलेली तयार प्रतिपिंडे उसनी घ्यावी लागतात. ही कल्पना १८९४ च्या सुमाराची, आल्बेर काल्मेत आणि त्याच्या समकालीन फ्रेंच संशोधकांची. घोड्याला काही महिने विषाच्या वाढत्या मात्रा टोचायच्या, मग रक्त काढून त्यातली प्रतिपिंडे वेगळी करायची, पेप्सिनने त्यांचा नको असलेला भाग छाटायचा. हेच सीरम. भारतीय सीरम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर बनते. त्यासाठीचे बहुतेक विष तामिळनाडूतील इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेतून येते. १९७८ पासूनची ही संस्था स्वतःच्या जागी कौतुकास्पदच आहे, पण तिचे साप चेन्नईच्या आसपासचे. आता हिशेब पाहा. एक मिलिलिटर सीरम घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करते असे प्रमाण ठरलेले आहे, म्हणजे दहा मिलिलिटरच्या कुपीने ६ मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, म्हणून सुरुवातीला आठ ते दहा कुप्या. कमाल मोजलेले विष १४७ मिलिग्रॅम, म्हणून पंचविसांच्या आसपास मर्यादा. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता डॉक्टर ज्या आकड्यावर भिस्त ठेवतो, तो असा भागाकारातून आलेला आहे. त्या भागाकारातले ०.६ हे उंदरांवर आणि ठरावीक प्रमाण-विषावर काढलेले आहे. जुन्नरच्या घोणशीला तो प्रश्न विचारलेलाच नाही.

विष ही एक वस्तू नसते, ते अनेक प्रथिनांचे मिश्रण असते, आणि साप काय खातो, कुठल्या हवामानात राहतो यानुसार त्याची घडण बदलते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ पासून नाग, घोणस आणि मण्यारीच्या नात्यातल्या सापांवर जे अभ्यास प्रसिद्ध केले, त्यांत एकाच जातीच्या पण वेगळ्या प्रदेशांतल्या सापांच्या विषांत मोठे फरक दिसले, आणि बाजारातले सीरम काही ठिकाणी लेबलावरच्या दाव्याच्या बरेच खाली उतरले. यात एक खास रोगप्रतिकारशास्त्रीय पेच आहे. घोणशीच्या विषातली मोठी विकरे घोड्याच्या शरीराला चटकन ओळखू येतात. नाग आणि मण्यारीची चेतासंस्थेवर काम करणारी काही प्रथिने इतकी लहान असतात की त्यांच्यावर प्रतिपिंडे कमी बनतात, आणि माणूस नेमका त्यांनीच गुदमरतो. शिवाय घोड्याने आयुष्यात पाहिलेल्या प्रत्येक जंतूची प्रतिपिंडे त्या कुपीत येतात, त्यामुळे कामाचा हिस्सा थोडाच उरतो. जास्त कुप्या म्हणजे जास्त परके प्रथिन, आणि जास्त प्रथिन म्हणजे रिॲक्शनचा धोका. भीमाशंकरच्या जंगलातला हिरवा चापडा हा साप तर सीरमच्या चौघांच्या यादीतच नाही.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की माणसे सीरम कमी पडल्यामुळे मरत नाहीत, उशिरा पोचल्यामुळे मरतात. मांत्रिकाकडे घालवलेले तास, नसलेली रुग्णवाहिका, करकचून बांधलेली दोरी. याच सीरमवर नारायणगावात रुग्ण बरे होतात ना? होतात. कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटांत रक्त गोठते का, एवढी साधी तपासणी वेळेवर झाली तरी घोणशीच्या अनेक रुग्णांचे मूत्रपिंड वाचते. आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट राहते: अनुभवी डॉक्टर कमकुवत औषधाची भरपाई जास्त कुप्यांनी आणि डोळ्यांत तेल घालून केलेल्या देखरेखीने करतो, आणि ही भरपाई आडबाजूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाही. उशीर हा माझ्या युक्तिवादाला खोडत नाही, बळच देतो. उशिरा आलेल्याला कमी सीरममध्ये जास्त काम करणारे औषध हवे असते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. घोड्यांचे युग संपत आले, आता कृत्रिम प्रतिपिंडे येतील, मग गावोगावचे विष गोळा कशाला? २०२५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मानवी प्रतिपिंडे आणि व्हॅरेस्प्लॅडिब हे औषध एकत्र करून १९ सापांच्या विषांपासून उंदरांचा पूर्ण किंवा अंशतः बचाव केला. पण ते सगळे साप नाग-मण्यारीच्या कुळातले. घोणस आणि फुरसे त्यात नाहीत. आणि औषध कृत्रिम असले तरी ते कोणत्या विषाला पुरे पडते हे तपासायला विष लागतेच. प्रत्येक तालुक्याला वेगळे सीरम करावे असेही कोणी म्हणत नाही. तो खर्च वेडाचा ठरेल. मागणी आहे ती घोड्याला टोचायच्या मिश्रणात पश्चिम महाराष्ट्राचे विष मिसळण्याची. स्थानिक अभ्यासाचा दाखला जवळचाच आहे: महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचवाचा अभ्यास कोकणातच केला, प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध विंचूदंशात उपयोगी पडते हे दाखवले, आणि ते १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये आले. स्थानिक विष, स्थानिक रुग्ण आणि नीट नोंदी, एवढ्यावर ते झाले.

अडचणी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनखात्याच्या परवानगीशिवाय सापाला हात लावता येत नाही, विष काढायला प्रशिक्षित माणसे लागतात, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन वर्षांत प्रबंध पुरा करायचा असतो. तरी पहिले काम स्वस्त आहे: सीरम देण्याआधी रुग्णाच्या रक्ताचा नमुना ठेवणे, त्यातले विष मोजणे, आणि किती कुप्या लागल्या ते लिहून ठेवणे. शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर राज्य शासन गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये देते. असे नमुने शीतपेटीत ठेवायला त्यातला फार थोडा अंश पुरेल. गणेशखिंडीत विद्यापीठ आहे, त्याच आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, हाफकिनची सीरमची जुनी व्यवस्था पिंपरीत आहे, आणि नाशिक रस्त्याने नारायणगाव तिथून दोन तासांवर. विष मात्र अजून हजाराहून अधिक किलोमीटरवरून येते.