एका संख्येचें कौतुक

बुरोंडीच्या किनाऱ्यावर एक रुपया सात खलाशांत सारखा वाटावयाचा झाला, तर प्रत्येकास चौदा पैसे मिळून दोन पैसे शिल्लक राहतील. व्यवहार तेथेंच थांबतो. गणित मात्र थांबत नाहीं. जें उरेल त्याचेहि सात भाग करीत गेलें म्हणजे दशांशचिन्हापुढें १४२८५७ हे सहा अंक येतात आणि तेच त्याच क्रमानें अखंड फिरत राहतात.

आतां एक लक्ष बेचाळीस हजार आठशें सत्तावन ही संख्या पाटीवर मांडून गुणून पाहूं. दोहोंनीं गुणिलें असतां २८५७१४ येतात, तिहींनीं ४२८५७१, चोहोंनीं ५७१४२८, पांचांनीं ७१४२८५ आणि सहांनीं ८५७१४२. अंक तेच, क्रमहि तोच. केवळ आरंभाचें स्थान बदलतें. सातांनीं गुणितांच मात्र हें चक्र मोडून ९९९९९९ उभे राहतात.

असे गुणाकार पाहून कोणी त्यांत जादू किंवा शुभाशुभ शोधूं लागतात. विद्यार्थ्यांनीं कारण शोधावें. तें भागाकाराच्या बाकींत आहे. एकास सातांनीं भागीत असतां १, ३, २, ६, ४, ५ या बाक्या क्रमानें येऊन पुन्हा १ येते. शून्याखेरीज संभवणाऱ्या सहाहि बाक्या येथें एकेकदां येऊन जातात. एकाऐवजीं दोहोंस भागूं लागलों, तर आपण त्याच वर्तुळांत 'दोन' या बाकीपाशीं प्रवेश करितों; म्हणून २८५७१४ मिळतात. इतर गुणाकारांचेंहि असेंच समजावें. तसेंच दहा लक्षांस सातांनीं भागिलें असतां एक उरतो. तो वजा केला म्हणजे ९९९९९९ यांस सातांनीं निःशेष भाग जातो.

हा गुण प्रत्येक भाजकास नसतो. एकास तेरांनीं भागिलें असतां ०७६९२३ हे अंक फिरतात, परंतु दोहोंस भागिलें असतां १५३८४६ असें निराळेंच चक्र निघतें. सतरांनीं भागिलें असतां सोळा अंकांचें एकच मोठें चक्र मिळतें. तें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून पाहावें.

आमच्या संख्येचा आणखी एक गुण सांगण्याजोगा आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ होतो. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे दोन भाग करून त्यांची बेरीज केली असतां मूळ संख्याच परत येते. अशा संख्यांस 'कापरेकर संख्या' म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे देवळालीस शाळाशिक्षक होते. विद्यार्थिदशेंत, १९२७ सालीं, त्यांस गणिताचें जें पारितोषिक मिळालें, तें रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें होतें. आणि १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनियर रँग्लर झालेले हे परांजपे आपल्याच दापोली तालुक्यांतील मुर्डी गांवचे!

उत्तर मिळालें कीं बाकी पुसून टाकावयाची, अशी मुलांची संवय आम्ही वर्गांत नित्य पाहतों. परंतु या संख्येचें सारें रहस्य त्या पुसलेल्या बाकींतच होतें. म्हणून पालकांस आमची एवढीच विनंती आहे, कीं मुलगा अथवा मुलगी "असें कां होतें?" म्हणून विचारील, तेव्हां "उत्तर बरोबर आलें ना, मग पुरे," असें म्हणून त्यांस गप्प करूं नये. पाटी पुसूं न देतां क्षणभर त्यांच्याजवळ बसावें.